वाचनालयात म्हणे बीन बॅग येणार

कढीपत्ता हवा तेवढा तोडा हो वहिनी, विचारताय काय! फांदीच वाकवून घ्या, शेंड्याची पानं कोवळी आहेत. आणि गॅस बंद करून आला असाल तर जरा थांबा. कालच्या मीटिंगचं कळलं का तुम्हाला? वाचनालयाच्या हो. आमचे हे साडेदहाला घरी आले आणि पानावर बसले तरी पुटपुटतच होते. शेवटी मी म्हटलं, आधी जेवा, मग भांडा.

वाचनालयाचं नूतनीकरण ठरलंय. थोडा आमदार निधी मिळेल, बाकी देणग्या जमवायच्या. इथवर कुणाचंच काही म्हणणं नाही. छत गळतंय, निम्म्या ट्यूब गेल्यात, कपाटाची काच सरकवायला जावं तर नख मोडतं. पण अध्यक्षांनी जो आर्किटेक्ट आणलाय ना (त्यांच्याच साडूचा मुलगा, हे मी सांगितलं म्हणू नका हं), त्यानं पडद्यावर चित्रं लावली आणि पहिलंच वाक्य टाकलं, "आता पुस्तकं डिजिटल झाली, कपाटं कशाला हवीत?" कार्यवाह लागले मान डोलवायला. ग्रंथपालबाई आपल्या मागे भिंतीशी उभ्या. त्यांना साधी खुर्चीसुद्धा कुणी दिली नाही.

बेत असा आहे, की खालचा हॉल पूर्ण मोकळा करायचा. तिथं एसी अभ्यासिका, प्रत्येकाला वेगळा कप्पा, कप्प्यात चार्जिंगची सोय. कोपऱ्यात चार संगणक, त्याला नाव डिजिटल झोन. बालविभागात बीन बॅग. देवघेवीचं काउंटर काढून तिथं यंत्र, आपलं पुस्तक आपणच त्याच्यापुढे धरायचं आणि घरी न्यायचं. पुस्तकांचं काय म्हणाल, तर निम्मी बाद करायची आणि उरलेली वरच्या हॉलमध्ये. लिफ्ट? लिफ्टचं नाव चित्रात कुठंच नव्हतं म्हणे.

हे सगळं त्यानं आणलं फिनलंडहून. हेलसिंकीत 'ओदी' नावाचं मोठं वाचनालय आहे, त्यांच्या संसदेच्या समोरच. 5 डिसेंबर 2018ला उघडलं, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. तीन मजले. खाली कॅफे, सिनेमाचं थिएटर. मधल्या मजल्यावर थ्रीडी प्रिंटर, गाणी रेकॉर्ड करायच्या खोल्या आणि चक्क शिलाई मशीन! मला तर आवडलं बाई. पिको-फॉलसाठी तीन-तीन दिवस त्या बोळातल्या टेलरच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा वाचनालयात जाऊन आपल्या हातानं मारता आलं, तर वाईट काय? पण ते चित्र त्यानं भरकन पुढे सरकवलं. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर काय आहे? पुस्तकं! लाखभर पुस्तकं. बुटकी पांढरी कपाटं, मध्ये झाडं, दोन्ही बाजूंनी उजेड. आता मला सांगा, डिजिटल झाल्यावरही ज्यांनी लाखभर पुस्तकं ठेवली, त्यांचं चित्र दाखवून आपली निम्मी बाद करायची, हा कुठला न्याय? शिवाय तिथं एका वाचनालयात नसेल ते पुस्तक मागितलं की शहरातल्या दुसऱ्या वाचनालयातून येतं. आपल्या वाचनालयाची दुसरी शाखा कुठली? तुमची ओसरी?

तर ओदीत पुस्तकं वर, म्हणून आपल्याकडेही वर. इथं आमचे हे उठले. अख्खी नोकरी बांधकाम खात्यात गेलेली, स्लॅबबद्दल कुणी बोललं की यांच्या अंगात येतं. म्हणाले, "राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला 200 किलोचा भार धरतात. पुस्तकांच्या कपाटांची खोली असेल तर 600 धरायला भारतीय मानक सांगतं, तेही कपाटं 2.2 मीटरची असतील तर. त्याच्या वर चढलात की आणखी वाढवा. आपला वरचा हॉल व्याख्यानमालेसाठी बांधला. जुन्या नकाशावर 400 लिहिलंय." सगळे गप्प. आर्किटेक्ट म्हणाला, "सर, आपण रुळावर सरकणारी कपाटं घेऊ, एकमेकांना चिकटवून ठेवता येतात, जागा निम्मी लागते." यांनी कपाळावर हात मारला. अहो, जागा निम्मी लागली तर वजन कुठे जातं? तेवढ्याच जमिनीवर दुप्पट बसतं की! मला पाचवीच्या पुढे गणित झेपलं नाही, पण हे मलाही कळतं.

एक मुद्दा मात्र त्या मुलाचा खरा होता, उगाच कशाला नाकारा. त्यानं चिपळूणचं सांगितलं. 2021च्या जुलैत महापूर आला तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, पुस्तकांचा लगदा झाला. आधी 2005लाही झालंच होतं. वाचनालय 1864 सालचं, किती जुना ठेवा असेल! तेव्हा नदीकाठच्या गावानं पुस्तकं वर न्यावीत, त्यासाठी स्लॅबही तसाच बांधावा. आपल्याकडे नदी कुठाय वहिनी? मार्चनंतर नळालासुद्धा पाणी नसतं.

मग यांनी न्यूयॉर्कचं काढलं. कुठलं कुठलं वाचून ठेवतात कोण जाणे, पण ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथलं फिफ्थ अव्हेन्यूवरचं मोठं वाचनालय, 1911चं. वर भलं मोठं वाचनदालन, आणि त्याच्या खाली पुस्तकांच्या पोलादी कपाटांचे सात मजले. गंमत अशी, की त्या कपाटांनीच वरच्या दालनाची जमीन उचलून धरलीय. कपाट हाच खांब! तर तिथल्या मंडळींनाही वाटलं, आता कोण पुस्तकं मागतंय, हे सात मजले काढू, पुस्तकं न्यू जर्सीला गोदामात पाठवू आणि मोकळ्या जागेत नवं झकपक देवघेवीचं वाचनालय करू. नॉर्मन फॉस्टरसारख्या बड्या वास्तुकाराचा आराखडा 2012त जाहीर झाला. लेखक, अभ्यासक चिडले, प्रकरण कोर्टात गेलं. एडा लुईझ हक्स्टेबल म्हणून वास्तुकलेवर लिहिणाऱ्या बाई होत्या, वय 91. त्यांनी वर्तमानपत्रात असा लेख लिहिला, की विचारू नका. पुढच्याच महिन्यात बाई गेल्या, पण लेख गाजला. 2014त बेत गुंडाळला. बरीच पुस्तकं आता शेजारच्या बागेच्या पोटात, जमिनीखाली ठेवलीत आणि 2016पासून छोट्या लाल डब्यांची गाडी रुळावरून ती वर आणते. 24 डबे. आमच्या नातवाला हे सांगितलं तर तो आजच निघेल.

यावर कार्यवाह काय म्हणाले असतील? "ते न्यूयॉर्क आहे, हे आपलं गाव आहे." आणि हेलसिंकी काय आपल्या तालुक्यात येतं?

नाही हो, मी डिजिटलच्या विरोधात नाही. आमच्या सासूबाईंना मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसत नाही, त्या दुपारी कानात बोंडं घालून कादंबरी ऐकतात आणि मधेच एकट्या हसतात. मी स्वतः फोनवर वाचते. विश्वकोशाचं घ्या ना. वीस खंड, एक अख्खं कपाट अडवून बसलेत, आणि सगळा मजकूर नेटवर फुकट मिळतो. राज्य मराठी विकास संस्थेनं तर 1867च्या आधीची छापील मराठी पुस्तकं, दोलामुद्रितं म्हणतात ती, नेटवर ठेवलीत. वाचनालयांत हात लावायला देत नाहीत अशी पुस्तकं आपण उशाशी फोन ठेवून बघायची! तेव्हा संदर्भ विभागाची दोन कपाटं आवरा, माझी हरकत नाही. ह्यांची आहे, ती मी घरात बघून घेईन. पण आर्किटेक्टच्या यादीत बाद करायला काय आहे? कथा-कादंबऱ्या. कारण त्या फाटक्या दिसतात. अहो, फाटक्या दिसतात कारण लोक नेतात!

आपली 'मृत्युंजय'ची प्रत आठवते ना? पाठीला निळी कापडी पट्टी, दोनदा बांधणी झालेली, तारखांचा कागद एकावर एक चिकटवून पुठ्ठ्याएवढा जाड झालेला. आणि एकविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या खुणा. कुणाचं फूल, कुणाचा त्रिकोण, कुणाची दोन टिंबं. माझी कोयरी. वाचून झालं हे लक्षात राहावं म्हणून करायची, नाहीतर निम्मी कादंबरी वाचल्यावर कळतं की ही गेल्या दिवाळीत वाचली होती. बाई ओरडतात, तरी सगळ्याजणी करतात. तुमचीही असणार, सांगू नका मला. तर एवढ्या जणांनी वाचली ती एक प्रत. ई-बुकचं काय असतं? हार्परकॉलिन्स म्हणून मोठे प्रकाशक आहेत, त्यांनी 2011त अमेरिकेतल्या वाचनालयांना नियम घातला, की ई-बुक 26 वेळा दिलं की संपलं, पुन्हा पैसे भरा. सव्वीस! आपल्या 'मृत्युंजय'नं तेवढे वाचक पहिल्या बांधणीच्या आत केले असतील. शिवाय मराठी ई-बुक मिळतं ते मी माझ्या पैशानं घ्यायचं आणि माझ्याच फोनवर वाचायचं. वाचनालयानं घेऊन गावभर फिरवायचं, ती सोय त्या डिजिटल झोनमध्ये कशी होणार, हे ह्यांनी विचारलं. उत्तर आलं, "ते पुढच्या टप्प्यात."

आणि काउंटर काढून यंत्र! ते यंत्र सांगणार आहे का, की काकू, ही नका नेऊ, शेवट रडका आहे, तुमचं बीपी वाढेल? पलीकडच्या गल्लीतले अण्णा दर शनिवारी बाबुराव अर्नाळकर मागतात, सगळे वाचून झालेत तरी. बाई त्यांना कधी धारप देतात, कधी मतकरी, आणि अण्णा नाक मुरडत नेतात नि सोमवारी दुसरं मागायला येतात. दिवाळी अंक आले की बाई माझ्यासाठी एक खणात दडवून ठेवतात. चूक आहे, मान्य. पण निम्मे सभासद त्या खणामुळे टिकलेत. पगार किती मिळतो त्यांना, ऐकलात तर तुम्हालाच लाज वाटेल. अनुदानाचा हप्ता आला तर पगार, नाहीतर वाट बघा.

खरं कारण सांगू का? इकडे या जरा, भिंतीला कान असतात आणि ही तर कंपाउंडची भिंत. खरं कारण पैसे. आपण वर्षाची वर्गणी देतो ती महिन्याच्या चहाला पुरत नाही. अभ्यासिकेतली मुलं दर महिन्याला पैसे मोजतात, खुर्चीसाठी रांग आहे. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, काय काय. पहाटे सहाला येतात, डबा तिथंच, रात्री शटर ओढेपर्यंत बसतात. मला त्या मुलांचा राग नाही हो. वाडीवरून येतात, घरी एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही. त्यांनी बसायचं कुठं? पण ती आपली पुस्तकं आपण आणतात, वाचनालयाच्या कपाटाला त्यांचा हात लागत नाही. म्हणजे खुर्चीला मागणी वाढलीय, आणि ती वाढली म्हणून पुस्तकं हलवायचीत. सरळ तसं म्हणा! पैशांची अडचण आहे म्हटलं तर कोण नाही म्हणणार आहे? उगाच डिजिटलची शाल पांघरायची कशाला.

ह्यांनी शेवटी सुचवलं ते मला पटलं. उलट करा. अभ्यासिका वर न्या, पुस्तकं खालीच राहू द्या. नुसत्या वाचायच्या खोलीला, कपाटं दुसरीकडे असली तर, 300 किलोचा भार पुरतो, आणि वरचा हॉल 400चा आहेच. पोरं वीस-बावीसची, जिना चढतील. अण्णा आणि सासूबाई खाली. काउंटर दाराशी आणा, कपाटांची उंची कमी करा, पुस्तकाला हात लावू द्या, कुलपं काढा. एक शिलाई मशीनही ठेवा, हे माझं, ह्यांचं नाही. आर्किटेक्ट मुलगा ऐकून घेत होता म्हणे, वहीतही लिहीत होता. तो वाईट नाही. त्याला आजवर कुणी स्लॅबचा नकाशाच दिला नव्हता. आडमुठेपणा अध्यक्षांचा. त्यांनी पडद्यावरचं चित्र आधीच फ्लेक्सवाल्याकडे छापायला टाकलंय.

म्हणून तर तुम्हाला थांबवलं. येत्या रविवारी दहाला सर्वसाधारण सभा आहे, ठराव मताला येणार. बायका कुणी येत नाहीत, नि आपल्याला न विचारता मंजूर होतं. मी अकरा जणींना सांगितलंय, तुम्ही बाराव्या. पण वर्गणी भरलेल्यालाच मत, आणि तुमची मार्चपासून थकलीय. मला कसं कळलं म्हणजे? बाईंनी सांगितलं, अजून कुणी? उद्या संध्याकाळी काउंटरवर भरून टाका, आणि जाताना गणपतीपासून तुमच्याकडे असलेली ती कादंबरीही परत करा. पुढचा नंबर माझा आहे.