धुराची हद्द, दहा किलोमीटर

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या धुराने आता जनगणनेचा अभ्यास करायला हवा. तोही २०११ च्या जनगणनेचा, कारण नियमात तीच धरली आहे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेने कोळशावरच्या वीज केंद्रांचे तीन गट पाडले. दिल्लीचा राजधानी परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचे शहर दहा किलोमीटरच्या आत असेल तर केंद्र ‘अ’ गटात. तेवढ्याच अंतरात अतिप्रदूषित पट्टा किंवा हवेत नापास झालेले शहर असेल तर ‘ब’. बाकी सगळे ‘क’. ज्या गावात अंतरे मोजायला झिरो माइलचा खांब उभा आहे, तिथल्या लोकांनी या मोजमापाला नाक मुरडू नये. धुराने चिमणीबाहेर पडताच टेप काढायचा, दहावा किलोमीटर भरला की थबकायचे, ‘पुढे नऊ लाख नव्याण्णव हजारच आहेत ना?’ अशी चौकशी करायची आणि मगच निर्धास्तपणे तिथल्या फुप्फुसांत शिरायचे. धुरातला सल्फर डायऑक्साइड मात्र अडाणी. हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि शेकडो किलोमीटर उडत जातात. जिल्हा संपल्याची पाटी त्यांना वाचता येत नाही.

हा वायू आवरायचा नियम ७ डिसेंबर २०१५ चा. जुन्या केंद्रांना मुदत दोन वर्षांची. मग ती २०२२ झाली, मग गटवार २०२४ पर्यंत, मग २०२६ पर्यंत. ‘अ’ गटाची घटका भरायला एक दिवस उरला असताना, ३० डिसेंबर २०२४ रोजी, सगळ्यांनाच आणखी तीन वर्षे मिळाली. शेवटी जुलै २०२५ मध्ये ‘क’ गटाला, म्हणजे देशातल्या सुमारे ७८ टक्के केंद्रांना, सूटच देऊन टाकली. ‘ब’चे प्रकरण तपासून ठरवायचे. ‘क’ला अट एवढीच की चिमणी ठरल्याइतकी उंच हवी. उंच चिमणीने वायू कमी होत नाही, लांबच्या माणसाच्या वाट्याला जातो. आपल्या कोळशात गंधक कमीच, असे वर समर्थन. कमी आहे, खरेच. पण कोळसा काय तोळ्याने जाळतात?

आणि इतवारीतल्या मुनीमजींचे काय? त्यांच्या स्कूटरच्या पीयूसीची मुदत काल संपली, तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, असे लिहिलेले आहे. त्यांना ना अ, ना ब, ना क. त्यांनी चौकात हवालदाराला ‘साहेब, तीन वर्षं वाढवून द्या’ म्हणून पाहावे! ज्याचा धूर चमचाभर त्याच्या खिशात हात, ज्याचा आभाळभर त्याला पुढची तारीख. याला धोरण म्हणायचे असेल तर म्हणा, नागपुरी भाषेत याला वेगळा शब्द आहे आणि तो छापता येत नाही.

मुनीमजींनी पीयूसीवाल्या पोराला विचारूनही पाहिले, सायलेन्सरला उंच पाइप लावला तर सूट मिळते का. पोरगा यंत्रावरून मान वर न काढता म्हणाला, “काका, रेस द्या न!”