आजारी पडण्यास पात्र रहिवासी

आरोग्यवार्ता हा मराठी गद्याचा स्वतंत्र प्रकार मानण्यास हरकत नसावी, कारण तीत शिबिर नेहमी मान्यवरांच्या हस्ते सुरू होऊन उत्साहात संपन्न होते आणि रुग्ण, आढळलाच तर, वृत्ताच्या शेवटच्या ओळीत लाभार्थ्यांच्या एकूण संख्येत सामावलेला असतो. पनवेल तालुक्यातील विचुंबे हे गाव या प्रकाराच्या अभ्यासकास विशेष उपयोगी आहे. 2013 साली अधिसूचित झालेल्या नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या, नकाशात ते आले, परंतु 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत ते आले नाही. परिणामी इमारतीचा आराखडा नैनाचे नियोजन पाहणाऱ्या सिडकोने तपासावा आणि त्या इमारतीतील रहिवाशाच्या तापाची काळजी अलिबागेत बसून रायगड जिल्हा परिषदेने वाहावी, अशी श्रमविभागणी येथे सिद्ध झाली आहे.

ग्रामीण आरोग्यसेवेची रचना लोकसंख्येच्या निकषावर उभी आहे. सपाट प्रदेशात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारण 1,000 लोकांमागे एक आशा, म्हणजे गावातूनच निवडलेली आरोग्य कार्यकर्ती, असे हे गणित आहे. गणितात दोष नाही. अडचण 'लोक' कोणास म्हणावे एवढीच आहे. देशातील शेवटची पूर्ण झालेली जनगणना 2011 ची असल्याने, त्यानंतर कर्ज काढून विचुंब्यात सदनिका घेतलेला गृहस्थ मालमत्ता कर भरतो, मतदार यादीत नाव घालतो, पाण्याच्या टँकरचे पैसेही देतो, मात्र शास्त्रीय अर्थाने तो तेथे अद्याप आलेलाच नाही आणि म्हणून त्याचा डेंग्यू हा नियोजनाच्या दृष्टीने अनधिकृत बांधकामाच्या जवळपासचा प्रकार ठरतो.

या लोकसंख्येची खरी मोजदाद दोघांकडे असते. पहिली आशा, दुसरा संकुलाच्या फाटकावरील पहारेकरी, ज्याच्या नोंदवहीत नाव, सदनिका क्रमांक, येण्याची वेळ व कारण लिहिल्याशिवाय आशेलाही आत जाता येत नाही. सर्वेक्षणात ती कारणाच्या रकान्यात 'ताप' असे लिहिते, तेव्हा तो रोगाचा प्रादुर्भाव आहे की पाहुण्याचे आडनाव, हे पहारेकऱ्यास विचारावे लागत असणार. वर जावे तर पती-पत्नी दोघेही सकाळच्या लोकलने गेलेले असतात. पल्स पोलिओच्या काळात घराबाहेर खडूने 'पी' किंवा 'एक्स' अशी खूण करण्याची पद्धत आहे. 'एक्स' म्हणजे या घरी पुन्हा यावयाचे आहे. सनमायकाच्या दारावर ती खूण टिकत नाही, आणि टिकलीच तर सोसायटीचे सचिव भिंत विद्रूप केल्याची नोटीस लावतात.

यंत्रणा स्वस्थ बसली आहे असे मात्र कोणी म्हणू नये. पूर्वी ज्यास उपकेंद्र म्हणत, ते 2018 नंतर आरोग्यवर्धिनी केंद्र झाले आणि नोव्हेंबर 2023 मधील केंद्र सरकारच्या आदेशानंतर आयुष्मान आरोग्य मंदिर; म्हणजे औषध बदलले नाही तरी पाटी वेळच्या वेळी बदलली. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावाच्या आरोग्य समितीस वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्च करावयाचा पैसा, देऊ केला होता. सात मजली इमारतींच्या गावात या रकमेतून नेमकी कोणती स्थानिक गरज भागते, हा प्रश्न विचारणे औचित्यभंग ठरेल. दरवर्षी 11 जुलैला जागतिक लोकसंख्या दिनही साजरा होतो आणि वाढत्या लोकसंख्येबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली जाते. ही वाढ कोणत्या नोंदीवरून कळली, ते व्याख्याते सांगत नाहीत.

लांबलेल्या जनगणनेचा संदर्भदिनांक आता 1 मार्च 2027 ठरला आहे. त्या मध्यरात्री विचुंब्यातील सर्व रहिवासी एकदम अस्तित्वात येतील. मग आकडे प्रसिद्ध होतील, आकड्यांवरून प्रस्ताव, प्रस्तावावरून आकृतिबंध, म्हणजे कोणत्या केंद्रात किती पदे असावीत याचा तक्ता, तयार होईल, त्यास वित्त विभागाची संमती मिळेल, पदे मंजूर होऊन ती रीतसर रिक्त राहतील. तोवर 2011 नंतर आलेल्यांनी ताप शक्यतो मूळ गावी जाऊन काढावा.