सत्तांतर

आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ फुटलं तेव्हा दोन्ही गटांनी नाव तेच ठेवलं, पावतीपुस्तकंही तीच. सकाळी एक टोळी वर्गणी नेई, संध्याकाळी दुसरी. माझ्या नोकरीत रॅकमध्ये काय चालतं, हे बायकोला मी तेव्हाच पटवू शकलो.

नेटवर्क स्विच मागच्या बाजूनं स्टॅक केबलींनी गोल जोडले, की बाहेरच्यांना ते एकच यंत्र वाटतं. आयपी पत्ता एक, कॉन्फिगरेशन एक, मास्टर एक. एक केबल निघाली तरी भागतं. जोडणी दोन जागी तुटली, की हा संच, म्हणजे स्टॅक, फुटतो. पोरका गट आपला मास्टर निवडतो आणि आयपी पत्ता जुनाच मिरवतो. म्हणजे पावतीपुस्तक आलंच!

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३७५० मालिकेत असे ९ स्विच एकत्र नांदतात. मास्टर निवडताना पहिला मान खुर्चीत बसलेल्याला. मग प्रायॉरिटी, १ ते १५. कारखान्यातून सगळे १ घेऊनच येतात. आणखी दोनचार कसोट्यांवरही बरोबरी झाली, तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो मास्टर. मॅक पत्ता म्हणजे कारखान्यातल्या सटवाईनं कपाळी लिहिलेला आकडा. लायकीचा संबंध नाही.

एकदा चार स्विचांत मी पाचवा घालायला गेलो. नवा, कोरा करकरीत. कौतुकानं त्याला १५ प्रायॉरिटी दिली, चालू केला आणि मग केबल खोचली. एकटा चालू असलेला स्विच स्वतःच्या घरात मास्टरच असतो, हे विसरलो. आता दोन मास्टर समोरासमोर, दोघेही खुर्चीवाले. १ विरुद्ध १५. नवा जिंकला. जुने चौघे मुकाट रीलोड होऊन सदस्य म्हणून परतले. नव्या अध्यक्षांची पाटी मात्र कोरी. अकाउंट्स कुठल्या पोर्टवर, फोन कुठल्या, काही पत्ता नाही.

साहेबांचा फोन आला, ‘‘नेट गेलं का हो?’’

‘‘नाही साहेब, सत्तांतर झालंय.’’

बॅकअप चढवता चढवता पहाट झाली. खरी रीत साधी आहे : नवा स्विच बंद ठेवून जोडायचा, मग चालू करायचा. मग तो १५ घेऊन आला तरी खालमानेनं सदस्य होतो.

यंदा मंडळाच्या दोन्ही गटांनी एक व्हायचं ठरवलं आणि मला मध्यस्थ नेमलं. मी अनुभवाचा सल्ला दिला, ‘‘जोडण्याआधी एका अध्यक्षांना बंद करा.’’

मला काढून टाकण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. फुटीनंतरचा त्यांचा हा पहिलाच संयुक्त ठराव.