मधला शॉकअप

वऱ्हाडातल्या लोहारा गावी, एका व्हरांड्यात, कूलरच्या आडोशाला, एक लालभडक सायकल उभी असते. तिला पुढच्या चाकाला शॉकअप आहेत आणि सीटखाली, फ्रेमच्या पोटात, आणखी एक जाडजूड स्प्रिंगवाला शॉकअप आहे. दुकानात अशा सायकलीला ‘डबल शॉकर’ म्हणतात. घरातल्या मुलाने आठवीत असताना जेवण सोडण्याची धमकी देऊन ती मिळवली, दहावीपर्यंत तिच्यावर टॉवेल वाळत घातले आणि पुढे शिकायला पुण्याला निघून गेला. मग एके दिवशी साखरेचा रिपोर्ट आला, डॉक्टर म्हणाले ‘काहीतरी हालचाल करा’ आणि सायकल मुलाकडून बापाकडे आली. हा वारसाहक्क उलटा असला तरी वादावादीशिवाय झाला. बाप म्हणजेच प्रस्तुत लेखक.

सहा महिने बरे गेले. रोज सकाळी एमआयडीसीच्या बाजूने, रेमंडच्या डेनिम कारखान्याकडे एक फेरी आणि येताना दूध. मग आषाढातल्या एका सकाळी, पाण्याने भरलेल्या म्हणून सपाट दिसणाऱ्या एका खड्ड्यात ‘टण्ण’ असा आवाज झाला. सीट चार बोटे खाली गेली ती वर आलीच नाही. दूध मात्र वाचले.

“मधला शॉकअप गेला,” सायकलवाल्या भाऊने बसल्या जागेवरून निकाल दिला. “कायले खर्चात पडता सर? लूनाचा टाकून देतो. पडला हाय एक.”

लूनाबद्दल प्रस्तुत लेखकाला आदर आहे. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली ती आणली आणि तिच्यावर अर्ध्या महाराष्ट्राने संसार वाहिला. शिवाय भाऊचे म्हणणे परंपरेला धरून होते. डोंगरी सायकलीच्या शॉकअपचे आजचे बडे नाव म्हणजे रॉकशॉक्स. ती कंपनी १९८९ साली सुरू करणारे पॉल टर्नर मोटारसायकल शर्यतींच्या जगातूनच आलेले. पण लूनाचा शॉकअप चाकाजवळ उभा असतो, एकटा नव्हे तर जोडीने. चाक एक इंच उचलले की तोही जवळजवळ इंचभर दबतो. सायकलीचा मधला शॉकअप एकटा, आणि चाकापासून लांब. पहारीने दगड उलथताना टेकूच्या ठोकळ्यावर जो भार येतो, तसा त्याच्यावर येतो. व्हरांड्यात शॉकअप काढून मागचे चाक हाताने वर-खाली केले आणि टेपने मोजले, तर चाकाची चाल निघाली १०० मिलिमीटर आणि शॉकअपची ३८. म्हणजे चाकावर पडलेला प्रत्येक किलो शॉकअपपर्यंत पोचताना २.६ किलो होतो. लग्नातल्या अफवेसारखेच हे.

ही मापे घ्यायची अक्कल मात्र नंतर आली. आधी चूक झाली.

शॉकअपचे पहिले माप म्हणजे दोन्ही टोकांच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी. इंग्रजीत त्या भोकांना ‘आय’ म्हणतात. “आय टू आय किती?” असा प्रश्न फोनवर विकणाऱ्याने विचारला तेव्हा भाऊ शेजारीच होता. वऱ्हाडात आईला माय म्हणतात म्हणून निभावले; हाच प्रश्न साताऱ्याकडे विचारला असता तर पुढचे बोलणे वेगळे झाले असते. प्रस्तुत लेखकाने पट्टी न शोधता, मोठा तो चांगला या घरगुती न्यायाने, १९० मिलिमीटरचा मागवला. जुना होता १६५चा. २५ मिलिमीटर म्हणजे केवढेसे! पण तीच पहार इथेही काम करते. मागची बाजू साडेसहा सेंटिमीटर वर उचलली गेली. सायकल देवळात शिरताना माणूस वाकतो तशी पुढे झुकली, आणि सिग्नलला पाय टेकायला फूटपाथ शोधावा लागू लागला. दोन दिवसांनी सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, उंच झालात की घसरगुंडीवर बसलात?”

दुसरे माप स्ट्रोक, म्हणजे शॉकअप किती दबू शकतो ते. लांबी तीच ठेवून स्ट्रोक वाढवला तर आणखी वाईट, कारण पूर्ण दबल्यावर मागचा टायर सीटच्या नळीला घासू शकतो. वर गंमत अशी की पूर्वी ही सगळी मापे इंचांत होती. साडेसहा इंच बाय दीड इंच, म्हणजेच १६५ बाय ३८. २०१६ साली रॉकशॉक्सने मेट्रिक मापांची नवी रांग आणली. त्या रांगेतही १६५ आहेच, पण त्याला वरचे भोकच नाही. बोल्ट दोन्ही बाजूंनी थेट अंगात शिरतात. आकडा तोच, वस्तू बसणार नाही. हा निव्वळ छळ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता स्प्रिंग. तिच्यावर ७५० किंवा ८५० असा आकडा छापलेला असतो. भाऊच्या दुकानात यावर दोन तट पडले: एक म्हणे, इतके किलो वजन पेलते, दुसरा म्हणे, ही किंमत आहे. खरे असे की स्प्रिंग एक इंच दाबायला किती पौंड लागतात, त्याचा तो आकडा. आपल्याला कोणता आकडा लागतो ते काढायला चाकाची चाल, स्ट्रोक आणि बसणाऱ्याचे वजन लागते. इथे संशोधन अडले.

प्रस्तुत लेखकाचे वजन सरकारी व खासगी कागदपत्रांत ७८ किलो आहे. या वजनाने हिशेब केला. सुमारे साठ टक्के भार मागच्या चाकावर, गुणिले २.६, आणि नुसते बसल्यावर शॉकअप स्ट्रोकच्या तीस टक्के, म्हणजे साधारण ११ मिलिमीटर दबावा ही अपेक्षा. उत्तर आले सहाशे पौंडांच्या आसपास. भाऊने हिशेबाकडे पाहिले, मग लेखकाकडे पाहिले. “सर, खरं वजन टाका. स्प्रिंगले थोडीच रिपोर्ट दाखवाचा हाय!” किराणा दुकानाच्या तेलकट काट्यावर, चपला काढून, वजन ९१ भरले. नवे उत्तर सातशेच्या थोडे वर गेले. दळण आणताना सायकल एवढी खाली बसते ती गव्हामुळे नाही, असे घरात पूर्वीच कोणीतरी म्हटले होते.

एवढ्यात पुण्याहून मुलाने फोनवर सुचवले, “बाबा, एअर शॉक घ्या.” त्यात स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते, वजन बदलले की हवा बदलायची, त्यामुळे खोटे बोलायला वाव राहतो. पण दाब दोनशे पीएसआयच्या घरात. पेट्रोलपंपावरच्या पोराला विचारले तर तो म्हणाला, “काका, कारमध्ये बत्तीस भरतो मी. हे सायकलीत फुटलं म्हणजे?” त्याचे बरोबरच होते. आतली जागा चिमूटभर, तिला वेगळा छोटा हातपंप लागतो. शिवाय मोठ्या कंपन्या ठरावीक तास चालवल्यावर आतली सीलं बदला म्हणतात. रॉकशॉक्सचा पहिला टप्पा ५० तासांचा. रोजच्या अर्ध्या तासाने हिशेब केला तर दर सव्वातीन महिन्यांनी सर्व्हिसिंग. एवढ्या वेळा तर प्रस्तुत लेखक स्वतः डॉक्टरकडे जात नाही.

मुलगा चिडून म्हणाला, “संगमनेरची प्रणिता सोमण बघा, डोंगरातल्या सायकल शर्यतींत राष्ट्रीय पदकं आणते.” तिच्या वाटेत डोंगर आहेत, दूध नाही, हे त्याला समजावून सांगितले.

हवा सोडली, पण शॉकअपच्या आत तेल हवेच, हा मुद्दा मात्र लेखकाने सोडला नाही. चांगल्या शॉकअपमध्ये स्प्रिंगच्या आत तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते; धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते आणि सीट सावकाश परत येते. स्वस्तात नुसती स्प्रिंग असते, ती घेतलेला धक्का व्याजासह परत करते. दुकानात ओळखायची युक्ती सोपी: दाबायचे आणि सोडायचे. टणकन उडाला तर आत तेल नाही. जुन्याचे पोट भाऊने उघडले तेव्हा त्यात ग्रीस, गंज आणि काळ्या मातीचा एक खडा निघाला.

शेवटी १६५ बाय ३८चा, ७५०च्या स्प्रिंगचा, तेलवाला शॉकअप आला. बसेना. भोकातली नळी फ्रेमच्या खाचेपेक्षा दोन मिलिमीटर रुंद! नावातच लोहार असलेल्या या गावात मात्र असल्या अडचणीला अर्ध्या तासापेक्षा जास्त आयुष्य नसते. एका लेथवाल्याने व्हर्नियर लावला, नळी दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर घासली आणि चहाचेच पैसे घेतले. सौभाग्यवतींनी पट्टी धरली, लेखक बसला: ११ मिलिमीटर.

आता १९० मिलिमीटरचा, ८५०च्या स्प्रिंगचा, दोनच दिवस वापरलेला शॉकअप कूलरवर पडून आहे. ज्याच्या सायकलीला तो बसेल आणि ज्याचे खरे वजन शंभरच्या पुढे असेल, त्याने लोहाऱ्याला यावे आणि घेऊन जावे. टेप सोबत आणावी.