पॅराबेनकाका

डोंबिवलीत माणूस कुठली लोकल पकडतो यावर त्याची ओळख ठरते. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांची सात छप्पन सुटली आणि वर्षभर त्यांना ओळखच उरली नाही. मग एका सकाळी गिझर तापायची वाट बघताना त्यांनी सुनेच्या शाम्पूची बाटली उलटी केली आणि हाताशी पेपर नव्हता म्हणून मागचं सगळं वाचून काढलं. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत एकही बाटली सरळ उभी राहिलेली नाही. 'पॅराबेनकाका' हे नाव खालच्या पोरांनी ठेवलं. काका वरवर रागावतात, पण फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देतात.

त्यांची नोकरी बँकेत, चेकवरच्या सह्या पडताळण्याची. तिथे संशय हा गुण होता आणि त्यावर बढती मिळत असे. त्या काळातलं भिंग अजून शर्टाच्या खिशात असतं. डी-मार्टमध्ये लोक एक्स्पायरी बघतात, काका घटकांची यादी वाचतात, तीही शेवटून. नियमाप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याखालचे नंतर, कुठल्याही क्रमाने. त्यामुळे पाणी आणि फेस आणणारी मंडळी वर बसतात, आणि मिथाइलपॅराबेन, प्रोपाइलपॅराबेन ही बुरशी आवरणारी मंडळी शेपटाला. "चोर नेहमी शेवटच्या डब्यात चढतो," असं काकांचं म्हणणं. मग मागच्या माणसाची ट्रॉली काकांच्या ट्रॉलीला लागते आणि काका त्याच्या ट्रॉलीतला फेसवॉश उचलून वाचायला घेतात.

काकांचा मूळ सिद्धांत असा की माणसाचा स्वभाव ही बाथरूममधली बाब आहे. दुसऱ्या मजल्यावरचे वकील सारखे चिडतात, कारण त्यांचा आफ्टरशेव्ह. तळमजल्यावरच्या बाईंना झोप लागत नाही, कारण रात्रीचं क्रीम. स्वतःची सून घरात गप्प असते, तिथे शाम्पू. सून गप्प असण्याचं दुसरं काही कारण असू शकेल, सासरा रोज तिच्या शाम्पूचं जाहीर वाचन करतो हे त्यातलं एक, असं काकू एकदा म्हणाल्या होत्या. काकांनी ते टिपून घेतलं नाही. मात्र काकूंचा हात धुण्याचा साबण त्याच संध्याकाळी बदलला.

संस्थेच्या वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला: पुढच्या वर्षी सभासदांनी डिओडरंट, अत्तर वगैरे न लावता यावं, म्हणजे चर्चा शांत चित्ताने होईल. कोणी विरोध केला नाही, कारण कोणी ऐकतच नव्हतं. पुढच्या सभेला निम्म्या लोकांनी तो खरंच पाळला. हॉलमध्ये पंखे दोन, दिवस उकाड्याचे. पाण्याच्या टाकीचा वर्षानुवर्षांचा वाद वीस मिनिटांत मिटला, सगळे घाईघाईने गच्चीवर मोकळ्या हवेत गेले. काकांनी याची नोंद 'प्रयोग यशस्वी' अशी केली आहे.

एकदा ते कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले आणि लघवीतलं मोनोइथाइल थॅलेट, म्हणजे सुगंधी प्रसाधनांतल्या थॅलेटचा शरीरात उरणारा अंश, मोजून हवं म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "काका, ते उपाशीपोटी करायचं का?" ती तपासणी तिथे होत नव्हती. पण आलेच आहेत तर म्हणून तिने रक्त घेतलं आणि साखर वाढलेली निघाली. सध्या काका शाम्पूला घाबरतात आणि जिलबीला नाही.

इथवर वाचून काकांना वेडा म्हणून सोडून देऊ नका. त्यांची माहिती खोटी नसते, आणि हाच त्यांचा त्रास आहे. त्यांच्या आवडत्या गोष्टीचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी १०० किशोरवयीन मुलींना तीन दिवस त्यांची नेहमीची प्रसाधनं बंद करून पॅराबेन, थॅलेट, ट्रायक्लोसान नसलेली दिली. २०१६ साली निकाल छापून आला: लघवीतला डायइथाइल थॅलेटचा अंश २७ टक्क्यांनी उतरला, मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेन ४५ टक्क्यांच्या आसपास, ट्रायक्लोसान ३६ टक्के. नुसत्या तीन दिवसांत! काका हे आकडे सांगताना उभे राहतात. त्याच अभ्यासात दुसरी दोन पॅराबेन थोडी वाढली होती, ते सांगायच्या वेळी मात्र त्यांना चहा हवा असतो. आणि त्या मुलींची मनं तीन दिवसांत हलकी झाली का, हे त्या अभ्यासात कोणी विचारलेलंच नव्हतं. लघवी मोजली, मूड नाही.

मूडचीही मोजदाद झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या आकड्यांवरून काही थॅलेट आणि नैराश्याची लक्षणं यांचा संबंध दाखवणारे अभ्यास निघाले. पण थॅलेट शरीरातून दिवसभरात निघून जातं, आणि अशा पाहणीत बहुतेक वेळा लघवी एकदाच घेतात. उदास माणूस जास्त क्रीम लावतो की क्रीम लावणारा उदास होतो, हे एका बाटलीवरून कसं कळणार? त्यापेक्षा वजनदार गोष्ट गर्भारपणाची. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या शेवटच्या तिमाहीतल्या लघवीत थॅलेट मोजली आणि त्यांच्या मुलांकडे चार ते नऊ वर्षांच्या वयात पाहिलं. सुगंधी प्रसाधनांत सापडणाऱ्या हलक्या थॅलेटचं प्रमाण ज्या आयांत जास्त होतं, त्यांच्या मुलांत आक्रमकपणा आणि लक्ष न लागणं जास्त आढळलं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. यावरून कारण सिद्ध झालं असं संशोधकही म्हणत नाहीत, पण गरोदर बाईने सेंटचा फवारा कमी केला तर तिचं काहीच बिघडत नाही.

हे काकांनी भाचीच्या डोहाळजेवणात सांगायचं ठरवलं. फुलांच्या दागिन्यांना त्यांनी मंजुरी दिली, पण अत्तरदाणी घेऊन आलेल्या मावशींना दारातच अडवून तिच्यावर लेबल का नाही असं विचारलं. मावशी त्यानंतर त्यांच्याशी बोलत नाहीत. काकांच्या वहीत मावशींच्या अबोल्यापुढे 'अत्तर' असं लिहिलंय.

अत्तरदाणीवर लेबल असतं तरी काय कळलं असतं म्हणा. बाटलीवर 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' असा एकच शब्द छापतात आणि त्यात पन्नास गोष्टी मावतात. डायइथाइल थॅलेट बहुधा त्यातच लपलेलं असतं, नावानिशी कुठे येत नाही. काकांचं भिंग तिथे चालत नाही. ज्या पॅराबेनवर ते दात धरून आहेत, त्याचं मात्र पूर्ण नाव छापलेलं असतं आणि प्रमाणही बांधलेलं असतं. युरोपात २०१४ साली पाच पॅराबेनांवर बंदी आली, पण मिथाइलपॅराबेनला ०.४ टक्क्यापर्यंत मुभा आहे. ते बुरशीला आवरण्यासाठी असतं. काकांनी ते न घालता घरी कोरफडीचं जेल केलं होतं. आठवड्याभरात त्यावर हिरवी लव आली. ती औषधी असावी म्हणून त्यांनी आणखी चार दिवस वाट पाहिली.

आता हे सगळं कुठे चाललंय ते बघा. डोंबिवलीत! २०१४ साली हिरवा पाऊस पडला म्हणून आम्ही बातम्यांत होतो, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला म्हणून मुख्यमंत्री बघायला आले. त्या गुलाबी रस्त्यावर उभं राहून काकांनी माझ्या हाताला येणारा क्रीमचा वास ओळखला होता. मी समोर बोट दाखवलं. ते म्हणाले, "ते आपल्या हातात नाही. बाथरूम आपल्या हातात आहे." याला उत्तर देता आलेलं नाही, आणि तेव्हापासून मी त्यांची थोडी कमी थट्टा करतो.

तरी डबीची हकीकत सांगायलाच हवी. काकांच्या गालावर वांगाचे डाग आहेत. कुठल्याशा नात्यातल्या माणसाने त्यांना एका ब्यूटी पार्लरवालीकडची छोटी पांढरी डबी आणून दिली. आठ दिवसांत डाग फिके! काका रोज रात्री बोटभर चोपडत. एका संध्याकाळी गप्प असणारी सून ती डबी घेऊन समोर आली आणि म्हणाली, "बाबा, जरा याचे घटक वाचून दाखवता?"

काकांनी भिंग काढलं. डबी उलटी केली, सुलटी केली, झाकणाच्या आतून पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "यावर काही लिहिलेलं नाही. म्हणजे यात काही नाही."

सही नसलेला चेक काकांनी जन्मात कधी पास केला नसेल.

झटपट डाग घालवणाऱ्या अशा बिनलेबली क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. पारा त्वचेचा रंग तयार होऊ देत नाही. आणि मनावर परिणाम म्हणाल तर इथे 'संबंध दिसला', 'अधिक अभ्यास हवा' अशी भाषा नाही. चिडचिड, झोप उडणं, बुजरेपणा, उदासी, विसराळूपणा, हातांची थरथर ही पाऱ्याची जुनी ओळखीची लक्षणं आहेत. एकोणिसाव्या शतकात फेल्टच्या टोप्या बनवणारे कारागीर याच पाऱ्यापायी वेडसर झाले. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाचा एक विरळा आजार बऱ्याच रुग्णांत दिसला, तेव्हा डॉक्टरांचा माग गोरं करणाऱ्या क्रीमपाशी पोचला. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा घालायला बंदीच आहे. नकळत राहून गेलेल्याला त्यांत मुभा ठेवली ती दहा लाख भागांत एक भाग, डोळ्यांच्या प्रसाधनांत ७०. पण नियम पाळतो तो कारखानदार लेबल छापतो. आणि लेबल छापतो, म्हणून काकांच्या तावडीत सापडतो.

काकांच्या डबीत पारा होता की नव्हता, ते तपासलं गेलं नाही. सुनेने हे सगळं त्यांना वाचून दाखवलं, काकूंनी "अहो, टाका ती" म्हणून पाहिलं. काका बधले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र डबी वापरातून गेली. कारण विचारलं तर म्हणाले, "वास येत होता. वास आला म्हणजे परफ्यूम, आणि परफ्यूम आला म्हणजे थॅलेट."

चला, तरी गेली. तुमच्या घरी अशी डबी असेल, उत्पादकाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, घटक नाहीत, तर आज रात्रीपासून ती लावू नका. बरेच दिवस लावली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आणि खात्री करायला काकांकडे घेऊन जाऊ नका. ते तुमचा साबण बदलतील.