खुर्चीच्या हाताची मुनसफी

मनुष्य स्थूल आहे किंवा नाही, या प्रश्नाचा निर्णय करण्याचा अधिकार आजवर वैद्य, शिंपी आणि सोयरिकीच्या बोलण्याला आलेल्या आत्याबाई यांच्याकडे परंपरेने चालत आलेला होता. आणि या तिघांच्या निवाड्यांत बहुधा एकवाक्यता नसल्यामुळे आरोपीला संशयाचा फायदा मिळून तो 'जरा अंगाने भरलेला' एवढ्या सौम्य शेऱ्यावर सुटत असे. अमेरिकेतील विमानकंपन्यांनी ही सारी अनिश्चितता नाहीशी करून तो अधिकार खुर्चीच्या हाताला बहाल केला आहे. साउथवेस्ट एअरलाइन्स या नामांकित कंपनीच्या नियमावलीत दोन खुर्च्यांमधला आर्मरेस्ट ही उभय प्रवाशांमधली निश्चित सरहद्द मानलेली असून, तो खाली येऊन नीट आडवा टेकला तर प्रवासी एक आणि टेकला नाही तर तोच प्रवासी, निदान भाड्यापुरता, दोन, असा त्याचा इत्यर्थ आहे. आमच्याकडील मुनसफ साक्षीपुरावा तरी घेतात. हा मुनसफ केवळ मांडीवर टेकून निकाल देतो.

आता ज्या मुलखाची ही सरहद्द, त्या मुलखाचा विस्तार किती म्हणाल, तर बोइंग 737 जातीच्या विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाच्या वाट्याला येणारी खुर्ची रुंदीला सुमारे 17 इंच भरते. तिची पुढली-मागली मोकळीक एके काळी 35 इंचांच्या घरात होती, ती कालांतराने 31 वर आली, आणि काटकसरीचे व्रत अधिक कडकपणे पाळणाऱ्या काही कंपन्यांनी ती 28 पर्यंत खाली आणली. खुर्ची आखडत असताना तिच्यात बसणारा मनुष्य मात्र पिढीगणिक रुंद होत गेला, ही गोष्ट कंपन्यांना ठाऊक नव्हती असे म्हणवत नाही. पण व्यापाराचा एक सनातन नियम असा आहे, की माप आणि माल यांचा मेळ बसेनासा झाला म्हणजे दोष मालाचा ठरवावा. आमच्या एसटीच्या तिघांच्या बाकावर मध्ये दांडी नसते, आणि म्हणूनच तिथे कोणी लठ्ठ नसतो. 'जरा सरकून घ्या हो' एवढ्या एका कलमावर सारा प्रवासी-संबंधांचा कायदा उभा आहे. दांडी आली, तेव्हा गुन्हा आला.

खुर्च्यांच्या या संकोचाविरुद्ध प्रवाशांची एक संघटना वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयापर्यंत गेली, आणि 2017 च्या जुलैमध्ये न्यायालयाने विमानवाहतूक प्रशासनाला या प्रकरणाचा फेरविचार करण्यास फर्मावले. पुढल्याच वर्षी तिथल्या कायदेमंडळानेही खुर्चीची किमान मापे ठरवावीत असा हुकूम सोडला. प्रशासनाने प्रश्न गंभीरपणे घेतला, म्हणजे प्रयोग योजला. अपघात झाला असता विमानातील सर्व माणसे 90 सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत असा दंडक आहे. तेव्हा चिंचोळ्या खुर्च्यांमुळे त्यात अडथळा येतो की काय हे पाहण्यासाठी ओक्लाहोमा सिटी येथे 2019 च्या अखेरीस स्वयंसेवक बोलावून त्यांना लटक्या विमानातून पळविण्यात आले. हे स्वयंसेवक धडधाकट होते आणि साठीच्या आतले होते. ज्यांना खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागतो, ज्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला आहे, ज्यांच्याकडे पाहून हवाई सुंदरी न सांगता पट्ट्याचा जोडतुकडा घेऊन येते, त्यांच्यापैकी कोणाला पळविण्याची तसदी कोणी घेतली नाही. आणि मग प्रयोगाचे निष्कर्ष उपयुक्त आहेत, परंतु निर्णायक म्हणता येणार नाहीत, असा शेरा प्रशासनानेच प्रामाणिकपणे मारला. सरकारी प्रामाणिकपणाला मी नेहमीच मान देत आलो आहे, विशेषतः तो काम उरकल्यानंतर प्रकट झालेला असतो तेव्हा.

विमानाला वजनाची चिंता असते, हे मात्र खोटे नाही, आणि त्याची थट्टा करण्याचा माझा हेतूही नाही. 2003 च्या जानेवारीत शार्लट येथे एक लहान प्रवासी विमान उड्डाण करताच कोसळून 21 माणसे दगावली, आणि चौकशीत शेपटाच्या नियंत्रणातील दोषाबरोबरच विमान मागल्या बाजूस जादा भारले गेल्याचेही उघड झाले. त्यानंतर अमेरिकेने प्रवाशाचे सरासरी वजन वाढवून धरले. परंतु वजनाची चिंता एक आणि रुंदीची वसुली दुसरी. सहा फूट चार इंच उंचीचा, पोलादी बांध्याचा, शंभरावर किलोंचा पहिलवान अरुंद कमरेच्या पुण्याईने एका तिकिटावर जातो, आणि त्याच्याहून वीस किलोंनी हलक्या, पण विधात्याने आडव्या दिशेने विकसित केलेल्या एखाद्या काकूंना दोन तिकिटे काढावी लागतात. न्यूझीलंडच्या विमानकंपनीने 2023 साली ऑकलंडहून परदेशी निघालेल्या हजारो प्रवाशांना काट्यावर उभे केले, तेव्हा आकडा तर सोज्वळपणे झाकून ठेवला. काट्याजवळच्या माणसालाही तो दिसू नये अशी तजवीज होती. वजनाला गोषा आणि रुंदीला धिंडवडे, अशी ही व्यवस्था.

या सर्व दांभिकपणात एकच कंपनी मला सरळमार्गी दिसली. पॅसिफिक महासागरातील सामोआ या द्वीपराष्ट्रात, जिथे स्थूलतेचे प्रमाण जगात अग्रगण्य गणले जाते, तिथल्या सामोआ एअरने 2013 साली जाहीर केले, की यापुढे भाडे माणशी नसून किलोमागे राहील. प्रवाशाने तिकीट काढताना आपले वजन आपण कळवावे, विमानतळावर सामानासह काट्यावर चढून त्याची खातरजमा करून द्यावी, आणि जेवढे भरेल तेवढे मोजावे. त्यांची विमाने आयलंडर जातीची, नऊ-दहा माणसांची. तिथे एक धिप्पाड पाहुणा इकडचा तिकडे बसला तरी वैमानिकाला ते समजे. जगभर ओरड झाली, परंतु किरकोळ मुलांचे लेंढार घेऊन निघालेल्या कुटुंबवत्सल माणसाला त्यात लाभच होता, आणि त्याच वर्षी कंपनीने अवाढव्य प्रवाशांसाठी एक प्रशस्त रांगही राखून ठेवली. जो वजनाचे पैसे घेतो तो निदान जागा तरी देतो, हा बाजारातील साधा सभ्यपणा तिथे पाळला गेला.

सामोआच्या या तत्त्वात किती गहन अर्थ भरला आहे, याचा प्रत्यय मला पुण्याच्या विमानतळावर आला. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांची बॅग पंधरा किलोंच्या मर्यादेपेक्षा जरा जास्त भरली, आणि काउंटरवरच्या मुलीने जादा वजनाच्या आकाराची पावती फाडण्याची तयारी दर्शविताच त्यांनी शांतपणे कडी उघडून डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा बाहेर काढला, झाकणावर चार लाडू घेतले आणि उभ्या उभ्या भक्षण करण्यास प्रारंभ केला. सौभाग्यवतींनी दोन घेतले. रांगेतील शिष्टाचार म्हणून एक मलाही देण्यात आला. उरलेल्यांपैकी काही जावईबापूंसाठी राखून डबा पुन्हा बॅगेत गेला, काटा मर्यादेत आला आणि मुलीने हसून चिठ्ठी चिकटविली. लाडू तेच, विमान तेच, इंधनही तेवढेच. केवळ बॅगेच्या कप्प्यातून जठराच्या कप्प्यात स्थलांतर झाल्याबरोबर त्यांचे आकारपात्र ओझे माफीचे झाले. सामोआच्या काट्यापुढे ही मखलाशी टिकली नसती.

याच्या नेमका उलट मार्ग कॅनडाने धरला. तिथल्या परिवहन न्यायाधिकरणाने 2008 च्या जानेवारीत निवाडा दिला, की स्थूलतेमुळे ज्याला अपंगत्व आले आहे अशा प्रवाशाकडून, तसेच ज्याला सोबत्याची गरज आहे अशा अपंगाकडून, देशांतर्गत प्रवासात दुसऱ्या खुर्चीचे भाडे घेता येणार नाही: एक व्यक्ती, एक भाडे. कंपन्यांनी बोजाबद्दल आक्रोश केला. न्यायाधिकरणाने हिशेब मांडून दाखविला, की एअर कॅनडाला दर तिकिटामागे सुमारे 77 सेंट आणि वेस्टजेटला 44 सेंट एवढाच तो पडेल. कंपन्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेल्या. नोव्हेंबरमध्ये त्या न्यायालयाने प्रकरण दाखल करून घेण्याचेच नाकारले. एवढा उदार निवाडा, पण त्यालाही सरहद्द आहेच. टोरोंटोहून व्हँकूव्हरला जाणारा स्थूल नागरिक वैद्यकीय दाखला दाखवून एक असतो, आणि तोच टोरोंटोहून न्यूयॉर्कला निघाला तर त्या निवाड्याचे संरक्षण त्याला विमानतळावर निरोप देऊन परत फिरते.

इकडे साउथवेस्टने आपल्या मुनसफीत अलीकडे सुधारणा केली आहे. पूर्वी ही कंपनी दुसऱ्या खुर्चीचे पैसे प्रवासानंतर परत करीत असे, आणि त्यामुळे जाड्या लोकांत तिचे नाव आदराने घेतले जाई. 27 जानेवारी 2026 पासून मात्र दुसरी खुर्ची आधीच विकत घ्यावी, आणि परतावा हवा असल्यास प्रवासानंतर 90 दिवसांच्या आत दरखास्त करावी, असे ठरले. तो मिळण्याची एक अट अशी, की उड्डाणसमयी विमानात निदान एक खुर्ची रिकामी राहिलेली असली पाहिजे. म्हणजे आता या प्रवाशाने दारात उभे राहून, आत येणाऱ्या प्रत्येक सहप्रवाशाकडे वैरभावाने पाहत, कोणाची तरी गाडी चुको, कोणाच्या तरी मुलाला ताप येवो, अशी प्रार्थना करीत राहावे. कोणी म्हणेल, त्याने घेतलेली दुसरी खुर्ची रिकामीच तर असते, ती का धरू नये? परंतु दप्तरी ती भरलेली आहे, तिचे भाडे जमा आहे, आणि तिच्यावर चार इंचांपुरता का होईना, त्याच्याच डाव्या मांडीचा कबजा आहे.