सप्रेस करा ना राजेहो!

बडनेऱ्यात 1983 पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळे कॅड शिकलेली पोरं इथे चहाच्या टपरीवरही भेटतात. कुणालाही विचारा, रिबिल्ड दाबल्यावर फीचर ट्री (मॉडेलच्या पायऱ्यांची यादी) लालेलाल झाला तर काय करायचं? उत्तर तयार : "सप्रेस करा ना राजेहो!" फीचर करडं पडतं, लाल खूण जाते, मॉडेल सबमिट होतं. गोलाई गेली, बोल्टची भोकं गेली. पण एरर नाही!

खरा गुन्हेगार बहुधा ट्रीमध्ये वर बसलेला असतो. पहिल्या स्केचमधली एक रेघ पुसून नवी काढली, की जुन्या कडेला टेकलेलं फिलेट, म्हणजे ती गोलाई, निराधार होतं आणि त्याच्या भरवशावरचे पॅटर्न, मिरर मागोमाग कोसळतात. दोष एका रेघेचा, चौकशी मात्र खालच्यांची. ही रीत 1995 च्या सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरची म्हणावी, तर आपल्या कचेऱ्या तिच्याहून कितीतरी जुन्या.

उपाय कंटाळवाणा आहे. रोलबॅक बार ओढून सर्वांत वरच्या एररपाशी न्या, तुटलेला संदर्भ नव्या कडेला जोडा, मग एकेक पायरी खाली उतरा. फिलेट शक्यतो शेवटी घाला. आणि रेघ पुसू नका, तिचं माप बदला.